बारीक तार आधी का?

भुईगावातून सकाळी निघायचं, रिक्षानं नालासोपारा नाहीतर वसई रोड स्टेशन गाठायचं, चर्चगेट लोकल पकडायची आणि मुंबई सेंट्रलला उतरून नायर दंत महाविद्यालयाच्या खिडकीवर केसपेपर पुढे करायचा. १९३३ साली सुरू झालेलं हे महाविद्यालय आज मुंबई महापालिका चालवते, आणि वसई पट्ट्यातल्या अनेक घरांनी ही वाट तुडवलेली आहे. आता वसई-विरारमध्येही दात सरळ करणाऱ्या ऑर्थोडॉन्टिस्टचे दवाखाने झालेत. पण मुंबईला जा की स्टेशनजवळच्या दवाखान्यात, क्रम तोच असतो. बराच वेळ बसून राहायचं, नंबर लागला की दहा-पंधरा मिनिटं खुर्चीत तोंड उघडून पडायचं, आणि घरी आल्यावर आजीनं विचारलं, ‘आज काय केलं गं?’, की सांगायचं, ‘तार टाईट केली.’

हा ‘टाईट’ शब्द घराघरांत इतका रुळलाय की तो चुकीचा आहे हे कुणाच्या ध्यानात येत नाही. त्या दहा-पंधरा मिनिटांत बहुतेक वेळा काहीच टाईट झालेलं नसतं. जुनी तार काढलेली असते आणि एका छोट्या पाकिटातून नवी तार काढून बसवलेली असते. पाकिटावर आकडा असतो. गेल्या खेपेला ०.०१४ होता, या खेपेला ०.०१६. हे इंच आहेत. मिलिमीटरमध्ये सांगायचं तर ०.३६ वरून ०.४१. फरक ०.०५ मिलिमीटरचा, माणसाच्या केसाच्या जाडीहूनही कमी. बोटांच्या चिमटीत दोन्ही तारा धरल्या तर कुठली कुठली हे नवख्याला ओळखता येत नाही. धातू तोच असेल, तर या केसभर फरकानं तारेचा ताठपणा जवळजवळ १.७ पट होतो.

इथूनच पालकांचा तो नेहमीचा प्रश्न येतो. पहिल्याच दिवशी जाड तार का लावत नाहीत? जोर जास्त, म्हणजे दात लवकर हलतील, म्हणजे फेऱ्या वाचतील. हा प्रश्न अडाणीपणाचा मुळीच नाही. एक फेरी म्हणजे शाळेचा एक दिवस आणि आई किंवा बाबांच्या कामाचा एक दिवस. वाडीत भाजी तोडणीला आलेली असताना तो दिवस काढणं सोपं नसतं. दीड-दोन वर्षं असे दिवस मोजणाऱ्या घराला नीट उत्तर मिळालं पाहिजे. त्या उत्तरात धातू आहे, गणित आहे, हाडांचं जीवशास्त्र आहे आणि शंभरेक वर्षांचा इतिहासही आहे.

गणित आधी पाहू, कारण सगळी गंमत तिथे आहे. गोल तारेचा ताठपणा तिच्या व्यासाच्या चौथ्या घातानं वाढतो. व्यास दुप्पट केला तर ताठपणा दुप्पट होत नाही, चौपटही होत नाही, सोळापट होतो. समजा ०.०१४ ची स्टीलची तार ठरावीक अंतर वाकवायला १०० ग्रॅमचा भार लागतो. तेवढंच वाकवायला ०.०१६ ला १७० ग्रॅम लागतील, ०.०१८ ला सुमारे २७३ आणि ०.०२० ला ४१६. शेवटच्या दोन तारांमधला फरकही केसाएवढाच आहे, पण भार मात्र जवळजवळ दीडशे ग्रॅमनं वाढला.

दुसरी बाजूही आहे. तार जितकी जाड, तितकी ती कायमची न वाकता कमी अंतर वाकू शकते. पुढचा एक दात ओळीच्या तीन मिलिमीटर आत गेलेला असेल, तर बारीक तार तिथपर्यंत वाकते, दातावर चिकटवलेल्या ब्रॅकेटच्या खाचेत बसते आणि पुन्हा आपल्या मूळ आकाराकडे यायला बघते. दात तिच्यामागून येतो. उपचार चालतो तो या परत येण्यावर. जाड स्टीलची तार तिथे दाबून बसवली तर तीन गोष्टी होऊ शकतात: ब्रॅकेट दातावरून निघतं, तार तिथल्या तिथे वाकडी होऊन राहते, नाहीतर दोन्ही टिकतात आणि दाताच्या मुळावर नको तेवढा दाब येतो. तिन्हीत नुकसान रुग्णाचंच.

जाडीइतकीच करामत लांबीचीही असते, आणि याकडे सहसा कुणाचं लक्ष जात नाही. दोन ब्रॅकेटांमधली मोकळी तार अर्धी झाली की तिचा ताठपणा आठपट होतो. वरचे पुढचे दात रुंद, सुमारे साडेआठ मिलिमीटरचे. खालचे मधले दात जेमतेम पाच-साडेपाच. त्यामुळे वरच्या जबड्यात सौम्य वाटणारी तार खालच्या पुढच्या दातांवर चांगलीच कडक होते. ‘वरचं काही दुखलं नाही, खालचं मात्र दोन दिवस दुखलं’ अशी तक्रार मुलं करतात, तेव्हा त्यामागे हे एक कारण असू शकतं.

जाडीचं हे गणित पूर्वीच्या ऑर्थोडॉन्टिस्टना ठाऊक होतं, पण हाती धातू मोजकेच होते. आधुनिक ऑर्थोडॉन्टिक्सचा पाया घालणारे अमेरिकेतले एडवर्ड अँगल यांनी १९२८ मध्ये एजवाईज ब्रॅकेट मांडलं. त्याची खाच ०.०२२ बाय ०.०२८ इंचांची होती. त्या काळच्या तारा सोन्याच्या मिश्रधातूच्या. सोनं मऊ, म्हणून खाच भरेल एवढी जाड तार वापरली तरी चालायचं. १९३० च्या दशकात स्टेनलेस स्टील आलं. स्वस्त आणि मजबूत, पण सोन्याहून कितीतरी ताठ. सोन्याच्या हिशोबानं केलेल्या खाचेत तेवढीच जाड स्टीलची तार घालणं म्हणजे दातांवर अत्याचार. म्हणून पुढे ०.०१८ इंचांची बारीक खाच आली. आज जगात दोन्ही खाचा चालतात, आणि ‘तुम्ही एटीन वापरता की ट्वेंटीटू?’ हा प्रश्न ऑर्थोडॉन्टिस्ट एकमेकांना अजून विचारतात. स्कॉटलंडमधल्या डंडी विद्यापीठात या दोन खाचांची तुलना रुग्णांवर करून पाहिली गेली. २०१९ मध्ये आलेल्या निष्कर्षांत उपचाराच्या कालावधीत लक्षणीय फरक निघाला नाही.

स्टीलच्या ताठपणावर सगळ्यात वेगळं उत्तर ऑस्ट्रेलियातून आलं. अँगल यांचेच शिष्य रेमंड बेग यांनी ॲडलेडमध्ये बारीक गोल तारेवर सगळी पद्धत उभी केली. ए. जे. विल्कॉक या धातुतज्ज्ञानं त्यांच्यासाठी विशेष कडक, लवचीक स्टीलची तार बनवली. तिचा मुख्य आकार ०.०१६ इंचांचा होता. बेग यांचं तंत्र १९५० च्या दशकात प्रसिद्ध झालं आणि भारतातल्या दंत महाविद्यालयांत कित्येक वर्षं शिकवलं गेलं. आज साठीच्या पुढे असलेले आपल्याकडचे अनेक ऑर्थोडॉन्टिस्ट या ‘ऑस्ट्रेलियन वायर’ला पक्कडीनं छोटे छोटे लूप घालत शिकले. लूप शोभेसाठी नव्हते. लूप घातला की दोन ब्रॅकेटांमधली तार लांब होते, आणि लांब झालेली तार मऊ होते. ते आठपटीचं गणित हे डॉक्टर हातानं सोडवत होते. एका रुग्णाच्या तारेला लूप घालण्यात अर्धा-पाऊण तास जायचा.

मग नौदलाच्या एका प्रयोगशाळेतून नशीब पालटलं. अमेरिकेच्या मेरीलँडमध्ये नेव्हल ऑर्डनन्स लॅबोरेटरी होती. तिथे विल्यम ब्यूलर हे धातुशास्त्रज्ञ निकेल आणि टायटॅनियम जवळपास सारख्या प्रमाणात मिसळून केलेल्या धातूवर काम करत होते. १९६१ मध्ये एका बैठकीत त्या धातूची घड्या घातलेली पट्टी सगळ्यांच्या हातून फिरत होती. तिथे बसलेल्या एका शास्त्रज्ञानं पाईप पेटवायचा लायटर तिच्याजवळ नेला, आणि घड्या आपोआप उलगडून पट्टी सरळ झाली. निकेल, टायटॅनियम आणि प्रयोगशाळेच्या नावाची आद्याक्षरं जोडून तिचं नाव पडलं निटिनॉल. आयोवा विद्यापीठातले ऑर्थोडॉन्टिस्ट जॉर्ज ॲन्ड्रिसन यांनी १९७० च्या दशकाच्या सुरुवातीला हा धातू दातांच्या तारेसाठी आणला. दवाखान्यात आज त्याला नुसतं ‘नायटाय’ म्हणतात.

निटिनॉल आलं आणि जाडीचा अर्थच पालटला. ऑर्थोडॉन्टिस्ट चार्ल्स बर्स्टोन यांनी १९८१ मध्ये मांडलेला विचार इथे महत्त्वाचा आहे. त्यांचं म्हणणं होतं की जोर कमी-जास्त करायला तारेची जाडीच बदलायला हवी असं नाही, जाडी तीच ठेवून धातू बदला. स्टीलचा ताठपणा १ धरला तर बीटा टायटॅनियम या मिश्रधातूचा ०.४२ आणि निटिनॉलचा ०.२६. हे आकडे मघाच्या चौथ्या घाताशी जोडले तर अचंबा वाटावा असं उत्तर निघतं. ०.०१८ ची निटिनॉलची तार ०.०१४ च्या स्टीलहून मऊ ठरते, आणि ०.०२० ची निटिनॉल जेमतेम ०.०१४ च्या स्टीलएवढी होते. पाकिटावरचा जाडीचा आकडा एकटा काही सांगत नाही, त्याच्या शेजारचं धातूचं नावही वाचावं लागतं. ‘माझ्या मुलीला अठराची तार लावली, शेजारच्या मुलाला चौदाची, मग तिला जास्त जोर दिला का?’ या प्रश्नाचं उत्तर धातू कळल्याशिवाय देता येत नाही.

१९८० च्या दशकाच्या मध्यात चीन आणि जपानमधून आलेल्या नायटायनं आणखी एक पाऊल टाकलं. या तारा खूप वाकवल्या तरी त्यांचा जोर फार वाढत नाही आणि दात सरकत गेला तरी फारसा घटत नाही, बराच काळ जवळपास एकसारखा राहतो. धातूच्या आतली स्फटिकांची रचनाच ताणाखाली बदलते, म्हणून असं होतं. अशा तारांना चौथ्या घाताचं गणित जसंच्या तसं लागू पडत नाही. तरीही जाडी वाढली की जोर वाढतोच. पुढे तांबं मिसळलेल्या नायटाय तारा आल्या. त्या शरीराच्या उष्णतेला ताठ होतात आणि थंडीत मऊ पडतात. अशी तार असलेलं मूल थंड पाण्याची चूळ भरतं तेव्हा तोंडातली तार काही क्षण खरोखर नरम पडते, आणि दुखणं थोडं ओसरतं. गरम चहाचा परिणाम उलटा.

एवढं झाल्यावरही पालकांचा प्रश्न जागीच राहतो. मऊ तार आरामाची, मान्य. पण जोरदार तार वेगवान नाही का?

याचं उत्तर तारेत सापडत नाही, हाडात सापडतं. दात हाडात खिळ्यासारखा ठोकलेला नसतो. मुळाभोवती तंतूंची एक पातळ गादी असते, साधारण पाव मिलिमीटरची. त्यात रक्तवाहिन्या आहेत, पेशी आहेत. दाताला एका बाजूनं हलका, सततचा दाब दिला की त्या बाजूच्या पेशींना संदेश जातो. दोनेक दिवसांत हाड विरघळवणाऱ्या पेशी तिथे जमतात, गादीलगतचं हाड हळूहळू खातात, आणि मागच्या बाजूला नवं हाड भरत जातं. दात जागेवरून सरकतो तो असा. महिन्याला साधारण एक मिलिमीटर, हा वेग चांगला मानला जातो.

दाब जास्त झाला तर त्या गादीतल्या रक्तवाहिन्या चेपतात. व्हिएन्नाचे ए. एम. श्वार्ट्झ यांनी १९३२ मध्येच म्हटलं होतं की दाब केशवाहिन्यांतल्या रक्ताच्या दाबाहून जास्त नसावा, म्हणजे चौरस सेंटिमीटरला २० ते २६ ग्रॅम. त्याहून जोर वाढला की तिथल्या पेशी मरतात आणि तो भाग काचेसारखा दिसू लागतो. नॉर्वेचे कोरे रायटान यांनी सूक्ष्मदर्शकाखाली हे वारंवार दाखवलं. मेलेल्या जागेत हाड खाणाऱ्या पेशी येणार कुठून? त्या बाजूच्या जिवंत भागातून येतात आणि खालून, आतून पोखरत जातात. तोवर आठवडा-दोन आठवडे दात जागचा हलत नाही. मग एकदम थोडा सरकतो आणि पुन्हा अडतो. जाड तारेनं वेळ वाचला असं ज्या पालकांना वाटतं, त्यांच्या मुलाचा दात त्या काळात थांबलेला असू शकतो. वर मुळाचं टोक झिजण्याचा धोका वाढतो. मुळाची ही झीज भरून येत नाही.

म्हणून कुठल्या कामाला किती जोर, याचे अंदाज पाठ्यपुस्तकांत दिलेले असतात. दात नुसता कलवायला ३५ ते ६० ग्रॅम, मुळासकट सरळ सरकवायला ७० ते १२०, आणि हाडात आत ढकलायला फक्त १० ते २०. बोटानं कागद दाबला तरी याहून जास्त जोर लागतो.

ऑस्ट्रेलियातल्याच स्टोरी आणि स्मिथ या दोघा संशोधकांनी १९५२ मध्ये एक वेगळी गोष्ट दाखवली. सुळा मागे ओढायचा असेल तर मागच्या दाढांना आधार धरून ओढतात. जोर माफक असला की सुळा मागे येतो. जोर फार वाढवला की सुळ्याच्या एकट्या मुळाभोवतीची गादी चेपते, सुळा अडकतो आणि उलट मागच्या दाढाच पुढे यायला लागतात. जास्त जोरानं दात हलला, पण नको तो. वेगाची घाई करणाऱ्या प्रत्येक घरानं ही एक गोष्ट लक्षात ठेवावी, असं या लेखाचं स्पष्ट मत आहे.

याचा अर्थ ‘अचूक जोर’ सापडलाय असं मात्र नाही. नेदरलँड्समधल्या संशोधकांनी २००३ मध्ये तोवरचे सगळे अभ्यास चाळले, आणि माणसाच्या दातांसाठी नेमका सर्वोत्तम जोर कोणता हे पुराव्यानं सांगता येत नाही, असं त्यांना म्हणावं लागलं. सुरुवातीला कुठली तार लावावी यावर कॉक्रेन या संस्थेनं २०१८ मध्ये आढावा घेतला. अनेक पातळ तारा एकत्र पिळून केलेल्या नायटाय तारेनं साध्या नायटायपेक्षा पहिल्या बारा आठवड्यांत जास्त हालचाल होत असावी, असा थोडा कल त्यात दिसला. बाकी बहुतेक तारांमध्ये वेगाचा किंवा दुखण्याचा फरक ठामपणे सिद्ध झाला नाही. महागडी तार म्हणजे लवकर सुटका, असं कुणी सांगत असेल तर या निष्कर्षाची आठवण ठेवावी.

मग जाड तार लागतेच कशाला? बारीकनंच शेवटपर्यंत निभावता येत नाही का?

नाही. उपचाराचा निम्मा भाग जाड तारेचाच असतो, फक्त तिचं काम वेगळं. रोज लोकलनं जाणाऱ्याला हे चटकन कळेल. रूळ गाडीला ओढत नाही, ओढायला इंजिन असतं. पण रूळ वाकला तर इंजिन कितीही चांगलं असून उपयोग नाही. सुरुवातीची बारीक नायटाय तार हे इंजिन असतं. ती वाकडे दात ओळीत आणते. नंतरची जाड, चौकोनी स्टीलची तार हा रूळ असतो. पुढे आलेले दात मागे घेण्यासाठी सुळ्यामागच्या चार उपदाढा काढल्या असतील, तर प्रत्येक बाजूला सुमारे सात मिलिमीटरची फट बंद करायची असते. ओढायचं काम रबराची साखळी किंवा नायटायची छोटी स्प्रिंग करते. तार नुसती स्थिर राहते आणि तिच्यावरून दात सरकतात. त्या वेळी बारीक तारच ठेवली तर ओढीनं तीच वाकते. दात फटीत कलतात, मुळं मागेच राहतात आणि दातांची ओळ मध्ये खचते. ऑर्थोडॉन्टिस्ट याला ‘रोलर कोस्टर इफेक्ट’ म्हणतात आणि तो निस्तरायला महिने जातात. बारीक तारेवर घाईनं फट बंद करणं ही जाड तार घाईनं लावण्याइतकीच मोठी चूक आहे.

०.०२२ च्या खाचेत या कामासाठी ०.०१९ बाय ०.०२५ ची स्टीलची तार वापरण्याची रीत आहे. पदव्युत्तर विभागात तिला ‘नाइन्टीन ट्वेंटीफाइव्ह’ एवढंच म्हणतात. खाच ०.०२२, तार ०.०१९, म्हणजे इंचाच्या तीन सहस्रांशांची फट मुद्दाम ठेवलेली. ही फट नसेल तर घर्षण इतकं वाढतं की दात तारेवरून घसरतच नाही. ही फट असते म्हणून सरकणं सुकर होतं, पण त्याची किंमतही आहे. तार खाचेत साधारण दहा अंश सैल फिरू शकते. दाताचं मूळ आत-बाहेर नेमकं वळवायचं, ज्याला टॉर्क म्हणतात, ते या सैलपणात काही प्रमाणात हरवतं. म्हणून शेवटच्या टप्प्यात काही डॉक्टर आणखी जाड तार घालतात, काही तारेला हलका पीळ देतात, आणि काही बीटा टायटॅनियम वापरतात, कारण ती खाच भरूनही स्टीलइतकी कडक नसते.

चौकोनी तार आडवी बसवली की उभी, यानंही फरक पडतो. वसईच्या जुन्या घरांचे वासे आणि तुळया पाहिल्या तर लाकडाची रुंद बाजू उभी ठेवलेली दिसते. कारण उंची वाढली की लाकूड कितीतरी कमी झुकतं. ०.०१९ बाय ०.०२५ ची तारही एका दिशेला वाकवताना दुसऱ्या दिशेपेक्षा १.७ पट ताठ असते. सुताराला जे अनुभवानं कळतं, ते इथे मिलिमीटरच्या निम्म्या जाडीत घडतं.

आता पुन्हा घरी. नवी तार लागल्यावर दुखणं सहसा दुसऱ्या दिवशी सगळ्यात जास्त असतं आणि आठवडाभरात ओसरतं. पहिल्या बारीक तारेचंच दुखणं जास्त जाणवतं, असं बऱ्याच मुलांचं म्हणणं असतं. कारण तेव्हा दात सगळ्यात वाकडे असतात आणि तार सगळ्यात जास्त वाकलेली असते. पुढच्या जाड तारा तोवर सरळ झालेल्या ओळीत सहज जातात. क्रम हळूहळू चढवण्याचा हेतूच तो आहे. प्रत्येक तारेनं मागच्या तारेनं केलेल्या कामावर उभं राहायचं.

नायटाय तारेचा एक फायदा लांबून येणाऱ्यांना विशेष उपयोगी पडतो. तिचा जोर आठवड्यांनुआठवडे टिकतो, म्हणून सुरुवातीच्या टप्प्यात सहा ते आठ आठवड्यांनी बोलावलं तरी काम थांबत नाही. पावसाळ्यात लोकल बंद पडली, शाळेची परीक्षा आली, एखादी तारीख चुकली तर घाबरून जायचं कारण नाही. डॉक्टरांना फोन करून पुढची वेळ घ्यावी. पण तार टोकाला बाहेर येऊन गाल टोचत असेल किंवा ब्रॅकेट निघालं असेल, तर तारखेची वाट बघू नये. तोवर टोकावर दवाखान्यात मिळणारं मेण लावावं. घरातल्या नेलकटरनं तार कापायचा प्रयत्न करू नये. कापलेला तुकडा घशात जाऊ शकतो.

आणि खाणं. वसईची सुकेळी, म्हणजे सोलून उन्हात वाळवलेली केळी, ही इथल्या घरांची शान आहे आणि ब्रेसेसची शत्रू. चिवट सुकेळं ब्रॅकेटला धरून ओढतं, आणि बारीक तारेच्या महिन्यांत दात अजून पक्के रांगेत नसताना ब्रॅकेट निघण्याची शक्यता जास्त. ऊस दातांनी सोलणं, चिक्की, भाजलेले चणे यांचंही तसंच. ब्रॅकेट निघालं की तो दात तारेपासून सुटतो आणि मागे सरकायला लागतो. सुकेळ्याच्या एका तुकड्यापायी महिनाभराचं काम वाया जातं. सुकेळं अगदी सोडवत नसेल तर बारीक तुकडे करून मागच्या दाढांनी, सावकाश.

तारा काढल्यावरही गोष्ट संपत नाही. दात जुन्या जागी परत जाऊ नयेत म्हणून रिटेनर घालावा लागतो. काढता-घालता येणाऱ्या हॉली रिटेनरची रचना १९१९ मधली, आणि त्याच्या समोरच्या तारेची जाडी साधारण ०.७ मिलिमीटर. सुरुवातीच्या ०.०१४ च्या जवळपास दुप्पट, म्हणजे तेवढ्याच लांबीला सुमारे पंधरापट ताठ. सगळ्या उपचारातल्या जाड तारांपैकी एक, आणि तिचं काम दात हलवण्याचं मुळीच नाही. त्यांना जागेवर धरून ठेवण्याचं आहे.

ऑर्थोडॉन्टिक्स हे बीडीएसनंतरचं तीन वर्षांचं एमडीएस शिक्षण आहे. तार लावून घेण्याआधी समोरच्या डॉक्टरांकडे ते आहे का, हे विचारण्यात संकोच करू नये. आणि पुढच्या तारखेला खुर्चीत बसाल तेव्हा नवी तार ज्या पाकिटातून निघते त्यावरचा आकडा वाचा. धातू कोणता आणि या तारेनं कुठलं काम करायचं, हे डॉक्टरांना विचारा आणि केसपेपरच्या मागे तारखेसह लिहून ठेवा. बदलीमुळे किंवा घर बदलल्यामुळे उपचार मध्येच दुसऱ्या दवाखान्यात न्यावा लागला, तर नव्या डॉक्टरांना सगळ्यात आधी हीच माहिती लागते.